गदा आणि खुराक : एका गेंद-अभ्यासाचं प्रकरण

नोव्हेंबरात पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावरचं गवत पिवळं पडतं, तेव्हा गेंदाची पांढरी बोंडं करडी होऊन वाळायला लागतात. असं एक बोंड दोन बोटांत धरून हलकेच चुरडलं तर तळहातावर भुसा उतरतो, आणि त्या भुशात बिया असतात. एक बी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं, विटकरी रंगाचं. राजगिऱ्याचा दाणा शेजारी ठेवला तर दांडगा वाटेल. आमच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडम गेली सतरा वर्षं हे बी गोळा करत आहेत. वाऱ्याला पाठ करून उभं राहायचं, श्वास रोखायचा आणि बी कागदाच्या पुडीत सोडायचं. पुडीवर आधीच तारीख, जागा आणि क्रमांक घातलेला असतो, कारण नंतर घालू म्हटलं की घोटाळा होतो.

मी त्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो आणि संशोधन कक्षाचं काम बघतो. हे प्रकरण लिहून काढायचं कारण सरळ आहे. जिल्ह्यातल्या बहुतेक कॉलेजांत असं एखादं माणूस असतं. कुणी बेडूक मोजतं, कुणी मोडी कागदांचे रुमाल सोडवतं, कुणी वीसेक वर्षं एकाच ओढ्याचं पाणी तपासतं. त्यांच्या कामाला राष्ट्रीय पातळीवरचा मान मिळावा असं आपल्याला मनापासून वाटतं. पण तो मान कसा दिला जातो आणि त्याच्या आधी काय लागतं, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं. मलाही नव्हतं.

काम काय होतं

गेंद ही सड्यावरची वनस्पती. जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर, पावसाळ्यात त्यावर साचलेलं पाणी, आणि त्या पाण्यातून वर आलेल्या बारीक दांड्यांवर पांढऱ्या गुंड्या. ऑगस्ट-सप्टेंबरात पठारावर गेलं की लांबून मीठ सांडल्यासारखं दिसतं. पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेची मुलं जुलैत याच पठारावरून चालत जातात. तेव्हा गेंद नुकता उगवत असतो आणि कुणाच्या नजरेत भरत नाही.

त्याच्या जाती ओळखणं महाकठीण. शास्त्रीय नाव एरिओकॉलॉन. एका गुंडीत शेकडो फुलं, आणि एकेक फूल इतकं लहान की पाकळ्या मोजायला सूक्ष्मदर्शक लागतो. काही जातींत फुलाचे भाग दोन-दोन, काहींत तीन-तीन. परागकोश बहुतेक ठिकाणी काळे, क्वचित फिके. हे सगळं जुळलं तरी शंका उरतेच, म्हणून शेवटचा पुरावा बियांचा. बीच्या सालीवर आडव्या लांबट पेशींची जाळी असते आणि त्या जाळीच्या भिंतींवरून बारीक केस निघतात. केसांची ठेवण जातीगणिक वेगळी असते. ती नीट बघायची तर साधा सूक्ष्मदर्शक अपुरा पडतो, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो.

मॅडमकडे सतरा वर्षांचे नमुने आहेत. जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्यांत दाबून, कागद रोज बदलून वाळवलेले, मग बेचाळीस बाय अठ्ठावीस सेंटिमीटरच्या जाड कागदावर दोऱ्यानं टाके घालून बसवलेले. कोपऱ्यात चिठ्ठी, चिठ्ठीवर त्यांचं सुवाच्य अक्षर. विभागातल्या लोखंडी कपाटाचे चार कप्पे त्यांनी भरलेत. त्यांची मुख्य शंका अशी होती : मसाईवरचा एक गेंद आणि राधानगरीकडच्या एका सड्यावरचा तसाच दिसणारा गेंद, हे दोन्ही आजवर एकाच नावानं ओळखले जातात, पण बिया सारख्या वाटत नाहीत. राधानगरीकडची जात नवीन तर नसेल?

एका शब्दाचा घोळ

दोन वर्षांपूर्वी संस्थेच्या बैठकीत कुणीतरी सांगितलं की, एवढं काम आहे तर मॅडमना राष्ट्रीय अकादमीची फेलोशिप मिळायला पाहिजे. सगळ्यांनी माना डोलावल्या, ठराव झाला आणि कागद माझ्याकडे आला : फॉर्म भरून पाठवावा.

इथंच गाडी चुकीच्या रस्त्याला लागली. आपल्याकडं फेलोशिप म्हटलं की डोळ्यांपुढं महिन्याची रक्कम येते. पीएचडी करणाऱ्या पोरांना सारथीची, बार्टीची, नेट-जेआरएफची फेलोशिप मिळते, त्यावर खोलीभाडं आणि मेस भागते. राष्ट्रीय विज्ञान अकादमीचा फेलो होणं ही निराळीच गोष्ट आहे. ते आयुष्यभराचं सदस्यत्व असतं, नावापुढं लागणारी अक्षरं असतात. त्याला पगार नाही, प्रयोगशाळा नाही. आणि तिसरी एक उन्हाळी संशोधन फेलोशिप असते, जिची आम्हाला त्या दिवशी गंधवार्ता नव्हती. एकच शब्द, तीन अर्थ. पुढचे चार महिने आम्ही दुसऱ्या अर्थाच्या मागे घालवले.

कोल्हापूरला खरं तर हा फरक कळायला हवा होता. शिरोड्याहून येऊन इथंच राहिलेल्या वि. स. खांडेकरांना साहित्य अकादमीचा १९६०चा पुरस्कार मिळाला आणि १९७० साली त्याच अकादमीनं त्यांना फेलो केलं. पुरस्कार एका पुस्तकाला होता, फेलोपद सगळ्या लेखनाला. साहित्य अकादमीत हयात फेलोंची संख्या एका वेळी एकवीसच्या वर जात नाही, यावरून त्या पदाचं वजन कळावं.

विज्ञानाच्या बाजूला देशात अशा तीन मोठ्या अकादमी आहेत. मेघनाद साहांच्या पुढाकारानं १९३० साली अलाहाबादेत उभी राहिलेली एक. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९३४ साली बेंगळुरूत स्थापलेली दुसरी; तिचे संस्थापक फेलो पासष्ट होते, आणि रामन १९७० साली वारले तोवर तेच तिचे अध्यक्ष राहिले. तिसरी १९३५ च्या जानेवारीत कलकत्त्यात सुरू झाली, पुढं दिल्लीला गेली, आणि १९७० पासून भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी, म्हणजे इन्सा, या नावानं ओळखली जाते. पाच वर्षांत तीन संस्था का निघाल्या, याच्या मागं त्या काळच्या शास्त्रज्ञांमधले मतभेद आहेत. आज मात्र तिघी मिळून काही कामं करतात, आणि आमच्या प्रकरणात तीच कामं शेवटी उपयोगी पडली.

फेलो निवडायची रीत साधारण अशी. उमेदवारानं स्वतः अर्ज करायचा नसतो. नाव सुचवायचं ते आधीपासून फेलो असलेल्यांनी, आणि ते काम त्यांना स्वतःला ठाऊक असायला हवं. मग विषयवार समित्या नावं पारखतात, कार्यकारी मंडळाकडं शिफारस जाते आणि अखेर फेलोंच्या मतानं निवड होते. कॉलेजच्या ठरावाला आणि प्राचार्यांच्या पत्राला या वाटेवर जागाच नाही. ही माहिती मला एका निवृत्त शास्त्रज्ञांनी फोनवर शांतपणे दिली. मी त्यांना विचारलं, मग मॅडमचं काम तिथं माहीत आहे अशी एकतरी व्यक्ती कशी शोधायची? ते म्हणाले, “आधी हे सांगा, मॅडमचं काम तिकडच्या कुणी कधी बघितलंय का?”

मी गप्प झालो. कुणीच बघितलं नव्हतं. मॅडमचे निबंध आले होते ते बहुतेक विद्यापीठांच्या नियतकालिकांत आणि परिषदांच्या छापील पुस्तिकांत. कपाटातले नमुने बघायला बाहेरचं माणूस सतरा वर्षांत दोनदा आलं होतं, आणि दोन्ही वेळा ती कॉलेजांना मानांकन देणाऱ्या नॅकची समिती होती.

वय, आणि मोजायची फूटपट्टी

मी इतर वाटा धुंडाळल्या. बेंगळुरूची अकादमी १९८३ पासून तरुण संशोधकांना असोसिएट म्हणून घेते. इन्सानं १९७४ साली तरुण शास्त्रज्ञांसाठी पदक सुरू केलं. दोन्ही योजना चांगल्या; यांतूनच पुढं कितीतरी मोठी माणसं घडली. पण त्यांना वयाची अट आहे, आणि मॅडम सेहेचाळीस वर्षांच्या.

या मुद्द्यावर मला थांबायचं आहे. मॅडमनी एमएस्सी केली तेव्हा बाविशी ओलांडली होती. मग तासिका तत्त्वावर सहा वर्षं, मग पूर्ण वेळ नोकरी, मधे दोन बाळंतपणं, सासूबाईंचं आजारपण. पीएचडी झाली तेव्हा त्या अडतीस वर्षांच्या होत्या. आठवड्याला सोळा तास शिकवून, प्रात्यक्षिकं घेऊन, परीक्षेची कामं उरकून उरलेल्या रविवारी त्या पठारावर गेल्या. मोठ्या संस्थेतला संशोधक पस्तिशीत जिथं पोचतो तिथं त्या पंचेचाळिशीत पोचल्या. तरुण या शब्दाचा अर्थ जन्मतारखेवरून लावला की कॉलेजातली माणसं, आणि त्यातही बायका, यादीबाहेर जातात. पीएचडीनंतरची वर्षं मोजली तर चित्र बरंच बदलेल. अकादमींनी हे करावं असं मला ठामपणे वाटतं.

दुसरी अडचण मोजमापाची. वनस्पतींचं वर्गीकरण करणाऱ्याचं नाव त्या वनस्पतीच्या शास्त्रीय नावामागं कायमचं लागतं. थिओडोर कुक हे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य, पेशानं इंजिनिअर. त्यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागाभागानं आला. आजही आपल्याकडच्या कितीतरी झाडांच्या नावामागं त्यांचं नाव लिहिलं जातं. पण संशोधनाची मोजदाद करणारी यंत्रणा हे असलं लिहिणं धरत नाही. निबंधाच्या शेवटच्या संदर्भयादीत नाव आलं तरच एक आकडा वाढतो. त्यामुळं शंभर वर्षं टिकणारं काम करणाऱ्या माणसाचा आकडा दोन-चार वर्षांत शिळं होणारं काम करणाऱ्यापेक्षा लहान दिसतो. मॅडमचा आकडा तर फारच लहान.

इन्सानं २०१८ साली काढलेल्या धोरण-निवेदनात, नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवर, म्हणजे त्यातल्या निबंधांचा सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो त्या आकड्यावर, न जाता निबंधात काय सांगितलंय ते बघावं, अशी भूमिका घेतली आहे. वर्गीकरणशास्त्रासाठी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचा जानकी अम्मल यांच्या नावाचा पुरस्कारही १९९९ साली सुरू झाला. या जानकी अम्मल कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात काम करत. आपला शेतकरी ज्याला नुसतं ८६०३२ म्हणतो तो ऊस पुढं त्याच केंद्रातून आला. १९३५ साली, म्हणजे रामन यांची अकादमी एक वर्षाची असताना, त्या तिच्या फेलो झाल्या. बाईला आणि वनस्पतीच्या अभ्यासाला तिथं पहिल्यापासून जागा होती, हे मी मॅडमना मुद्दाम सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण सर, माझ्या राधानगरीच्या गेंदाचं काय?”

आप्पांचा प्रश्न

मॅडमचे वडील, आप्पा, जुने पैलवान. उमेदीत गंगावेश तालमीत होते. आता गुडघे गेलेत, पण सकाळी सहाला अंघोळ करून ओसरीवर बसलेले असतात. मी कागदपत्रं घेऊन घरी गेलो तेव्हा त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले,

“सर, एक इचारू? ह्या फेलोशिपात खुराक किती मिळतो?”

“आप्पा, त्यात खुराक नसतो. तो मान असतो.”

“म्हंजे गदा.”

“व्हय, गदा म्हणा.”

“मग खुराक कोण देतंय?” त्यांनी मॅडमकडं बघितलं. “गदा एकदा मिळती ओ. खुराक रोज लागतो. बिनखुराकाचा गडी गदेपातूर पोचंल कसा?”

आप्पांना अकादमी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण त्यांनी आमच्या चार महिन्यांच्या चुकीवर नेमकं बोट ठेवलं. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागचं मैदान उभं केलं हे कोल्हापुरातलं शेंबडं पोरही सांगेल. पण मैदानाच्या आधी त्यांनी तालमी पोसल्या होत्या, मल्लांचं दूध-बदाम दरबारातून जात होतं. अल्लादियाँ खाँसाहेबांना आश्रय मिळाला तोही गाण्याचा रोजचा रियाज चालावा म्हणून. रामानुजन यांचंच बघा. रॉयल सोसायटीनं त्यांना १९१८ साली फेलो केलं, हे सगळे सांगतात. त्याच्या पाच वर्षं आधी, १९१३ साली, मद्रास विद्यापीठानं त्यांना महिना पंचाहत्तर रुपयांची शिष्यवृत्ती दिली, आणि पोर्ट ट्रस्टमधली कारकुनी सोडून ते पूर्ण वेळ गणित करू लागले. केंब्रिजचे गणिती हार्डी यांनी त्यांचं पत्र वाचलं तेही त्याच वर्षी. पंचाहत्तर रुपये आणि वाचणारा एक माणूस, या दोन गोष्टी फेलोपदाच्या आधी आल्या.

त्या संध्याकाळी मी ठरावाची फाईल बाजूला ठेवली आणि नवा प्रश्न लिहिला : मॅडमना आत्ता काय लागतं?

यंत्र लागत होतं असं आधी वाटलं. पण शिवाजी विद्यापीठात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आहे, शुल्क भरून नमुना बघता येतो. मॅडमनी काही बिया तिथं बघितल्याही होत्या. लागत होत्या त्या तीन गोष्टी. सलग वेळ. तुलनेला इतर ठिकाणचे अधिकृत नमुने. आणि समोर बसून “हे मला पटत नाही” म्हणणारं, त्याच विषयातलं माणूस. कोल्हापुरात त्यांचं कौतुक करणारे आम्ही पुष्कळ होतो. त्यांच्याशी वाद घालू शकणारं कुणीच नव्हतं.

छप्पन्न दिवस

तिन्ही अकादमी मिळून दर उन्हाळ्यात संशोधन फेलोशिप देतात. विद्यार्थ्यांसाठी असते तशी शिक्षकांसाठीही असते. दोन महिने देशातल्या एखाद्या प्रयोगशाळेत मार्गदर्शकाजवळ राहून काम करायचं. खर्चाला रक्कम मिळते. अर्जात आपल्याला काय करायचंय ते थोडक्यात मांडायचं असतं. मॅडमनी पहिला मसुदा लिहिला तो पश्चिम घाटाच्या जैवविविधतेच्या महतीनं सुरू होत होता. मी तो परत दिला. दुसऱ्यात त्यांनी लिहिलं : दोन सड्यांवरचा एकाच नावाचा गेंद, बीच्या सालीवरचे केस वेगळे, माझ्याकडं सतरा वर्षांच्या बिया आहेत, त्या एक जात की दोन हे मला ठरवायचंय. एवढंच. निवड झाली.

आता खरी कसरत सुरू झाली. मे-जून म्हणजे सुट्टी, असं लोकांना वाटतं. शिक्षकांना विचारा. कॅपला, म्हणजे पेपर तपासणी केंद्रावर, बोलावणं येतं, प्रवेशाची कामं लागतात. कार्यालयाचं म्हणणं, संशोधनाला जायचं तर स्वतःची रजा घाला. कर्तव्यरजा मंजूर करून घ्यायला मला सात वेळा फाईल घेऊन फिरावं लागलं. ज्या संस्थेनं मॅडमना फेलोशिप मिळावी म्हणून एकमुखानं ठराव केला होता, तिथंच ही फेलोशिप हातात आल्यावर सहीला पाच आठवडे लागले. हे मी कडवटपणानं लिहीत नाही. नियमात या गोष्टीसाठी रकानाच नव्हता, म्हणून कारकुनाला तरी काय दोष द्यायचा? शेवटी विभागातल्या दोघा सहकाऱ्यांनी मॅडमच्या वाटचे पेपर आपल्याकडं घेतले, प्राचार्यांनी स्वतःच्या अधिकारात सही केली, आणि मॅडम राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बेंगळुरूला गेल्या. बॅगेत दोनशे चौदा पुड्या, प्रत्येक पुडी प्लॅस्टिकच्या डबीत.

ऋतूही बरोबर जुळला. गेंद फुलतो पावसाळ्यात, बी धरतो हिवाळ्याच्या तोंडाला. मे महिन्यात पठारावर काही नसतं, म्हणून साठवलेल्या बियांवर बसायला उन्हाळ्याइतका चांगला काळ नाही.

पहिल्या आठवड्यात त्यांचा फोन आला, आवाज खचलेला. मार्गदर्शक अकादमीचे फेलो. त्यांनी सगळ्या पुड्या बघून एकच प्रश्न विचारला होता : प्रत्येक जागेवरच्या किती झाडांच्या बिया आहेत? मॅडम दरवर्षी एका जागेवरून चार-पाच बोंडं घेत. ते म्हणाले, मग एकाच जागेतला फरक किती असतो ते तुम्हाला माहीतच नाही. तो माहीत नसताना दोन जागांतला फरक मोठा की लहान, हे कशावरून ठरवणार?

सतरा वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. आम्ही कसा विचारणार?

पुढचे सात आठवडे त्यांनी एकेका पुडीतल्या शक्य तितक्या बिया एकेक करून बघितल्या. सोन्याचा मुलामा देऊन, यंत्रात ठेवून, केसांची लांबी मोजून. जुन्या संग्रहांतल्या मूळ नमुन्यांशी ताडून पाहिलं. आणि सातव्या आठवड्यात उत्तर आलं : जात एकच. बी पूर्ण पिकण्याआधी काढलं तर केस आखूड राहतात. राधानगरीकडं पाऊस लांबतो, त्यामुळं मॅडम तिथं जात त्या तारखेला बिया अजून कोवळ्या असत. सतरा वर्षं त्या दोन्ही पठारांवर एकाच पंधरवड्यात जात होत्या, कारण दिवाळीची सुट्टी तेव्हाच मिळायची.

नवी जात मिळाली नाही. कॉलेजात काहींचा विरस झाला. फलक छापायची तयारी होती. मॅडम मात्र परत आल्या त्या निराळ्याच तेजात. स्टेशनवर उतरल्या उतरल्या म्हणाल्या, “सर, मी चुकीचा निबंध छापणार होते. वाचले.” आणि मग रिक्षात बसून राजारामपुरी येईपर्यंत त्या कोवळ्या बियांबद्दलच बोलत होत्या. बी पिकण्याच्या कोणत्या टप्प्यावर केस कसे दिसतात, याची पूर्ण मालिका त्यांच्याकडं तयार झाली होती. गेंद ओळखणाऱ्या प्रत्येकाला ती लागणार आहे, कारण इतरांनीही कोवळ्या बियांवरून जाती ठरवल्या असण्याची शक्यता आहे. निबंध त्यावर झाला, मार्गदर्शकांच्या सूचनेनं तीनदा नव्यानं लिहून.

पुढचं

तिन्ही अकादमींची आणखी एक योजना आहे : कॉलेजात दोन-तीन दिवसांची व्याख्यान-कार्यशाळा. तिचा निमंत्रक एखादा फेलो असतो, स्थानिक बाजू कॉलेजनं सांभाळायची. मॅडमच्या मार्गदर्शकांनी ती जबाबदारी घेतली आणि मागच्या सप्टेंबरात ते कोल्हापुरात आले. आम्ही शाल-श्रीफळ, फेटा, सगळं केलं. ते आपल्या रीतीप्रमाणं व्हायलाच हवं. पण मला आठवतो तो दुसऱ्या दिवशीचा दुपारचा वेळ. ते विभागातल्या लोखंडी कपाटापुढं स्टुलावर बसले होते, एकेक कागद उघडत होते, मॅडम शेजारी उभ्या. दोन तास दोघांपैकी कुणी जेवणाचं नाव काढलं नाही. एका नमुन्यावर ते थांबले, भिंग मागितलं आणि म्हणाले की हा पुढच्या वर्षी पुन्हा गोळा करा, पिकल्यावर. मॅडमनी चिठ्ठीच्या पाठीमागं तारीख लिहिली.

माझ्या लेखी अकादमीनं मॅडमची दखल घेतली ती त्या दोन तासांत. पुढं त्यांचं नाव फेलो म्हणून कुणी सुचवेल की नाही, मला सांगता येत नाही. त्यांच्या कामाचा पल्ला आणि तिथली स्पर्धा पाहता, कदाचित नाही. पण आता ते काम स्वतः पाहिलेलं, त्यातली चूक आणि ताकद दोन्ही ठाऊक असलेलं एक माणूस तिथं आहे. आ. ने. उपाध्ये राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवत असतानाच देशभरच्या प्राच्यविद्या अभ्यासकांत मानले गेले, ते त्यांच्या संपादनांतली एकेक ओळ बाहेरच्या जाणकारांनी तपासून घेतली म्हणून. गाव आड येत नाही. तपासणारी नजर लागते, आणि ती नजर इथवर आणायचं काम आम्ही शेजारच्यांनी करायचं असतं.

आमच्या कक्षात यावरून तीन गोष्टी बदलल्या. उन्हाळी फेलोशिपला जाणाऱ्या शिक्षकाची कर्तव्यरजा आता नोव्हेंबरातच, अर्ज करतानाच, लेखी मंजूर होते. मॅडमचे नमुने क्रमवार नोंदून त्यांचे फोटो काढायला आम्ही एक विद्यार्थिनी नेमलीय. कॉलेज तिला मानधन देतं, रक्कम थोडी आहे पण वेळेवर दिली जाते. आणि शिक्षकांच्या संशोधनाचा वार्षिक अहवाल भरताना निबंधांच्या संख्येच्या रकान्याशेजारी आम्ही एक नवा रकाना घातला : हे काम कॉलेजबाहेरच्या कोणत्या जाणकारानं पाहिलं? पहिल्या वर्षी तेवीस शिक्षकांपैकी एकोणीस जणांचा तो रकाना रिकामा आला. त्या एकोणीस जणांशी मी एकेक करून बोलतोय. इतिहासाच्या एका सरांकडं शेतसाऱ्याच्या मोडी कागदांचं चौदा वर्षांचं वाचन वह्यांत पडून आहे, हे मला त्यातून कळलं. मी त्यांच्या शेजारी स्टाफरूममध्ये नऊ वर्षं बसतोय.

यंदाचा अर्ज ती नमुने नोंदणारी विद्यार्थिनी भरतेय. शाहूवाडीकडची मुलगी, आईवडील ऊसतोडीच्या हंगामात कारखान्यावर. काल ती मसुदा घेऊन आली तेव्हा मी मॅडमच्या टेबलाशीच होतो. पहिलं वाक्य होतं, “पश्चिम घाट हा जैवविविधतेने नटलेला आहे.” मॅडमनी पेन्सिलीनं त्यावर रेघ मारली.

“हे त्यांना ठाऊक आहे, बाळ. तुला काय ठाऊक नाही ते लिही.”

मुलगी थोडा वेळ उभी राहिली. मग खिडकीशी जाऊन बसली, कागद उलटा केला आणि लिहायला लागली.